तिसरा हंगाम

मॅडम जर्नल नेहमी मागून उघडायच्या. शेवटच्या पानावर बारीक टायपात आभार मानलेले असतात, बियाणं कुणी पुरवलं, खर्च कुणी केला, ते लिहिलेलं असतं. ते त्या आधी वाचायच्या. मग प्रयोग कुठल्या मातीत झाला आणि किती हंगाम चालला ते. लेखाचं नाव आणि सारांश सगळ्यात शेवटी. "बैल घेताना दात पाह्यतात, पेपर वाचताना शेपटी," असं म्हणायच्या, आणि शेपटी पटली नाही तर जर्नल टेबलावर असं आपटायच्या की वाचनालयात डोकं टेकून झोपलेली पोरं दचकून उठायची.

मी नागपुरातल्या एका शेतकी कॉलेजात ग्रंथपाल होतो, अजूनही आहे. मॅडम तिथे मक्याच्या शास्त्रज्ञ. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या गेल्यापासून ज्यानं त्यानं ते नाव आपापल्या झेंड्यावर लिहून घेतलं आहे, त्यात माझी भर नको. आणि आधीच सांगून ठेवतो, हे मी रागात लिहितो आहे. त्या होत्या तोवर रागवायचं काम त्याच करायच्या, आम्हाला राग आयता मिळायचा. आता तो स्वतःचा स्वतः करावा लागतो.

मूळच्या त्या काटोलकडच्या. घरी संत्र्याची बाग. पोरीनं शेतकीच शिकायची तर संत्र्यात काहीतरी करावं, असं घरच्यांना वाटत होतं. ती मक्यात गेली, तेव्हा तिच्या वडिलांनी म्हणे आठ दिवस कुणाला सांगितलंच नाही. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी. झोळीत खाकी कागदाच्या पिशव्या आणि स्टेपलर. वर्गात छापील मराठी बोलायच्या आणि वर्गाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की गावची बोली सुरू. माणसांना नावानं हाक मारायच्या नाहीत, खात्यानं मारायच्या. मी लायब्ररी. लेखापाल म्हणजे अकाउंट. कीटकशास्त्राचे विभागप्रमुख चांगले गंभीर, चष्मेवाले गृहस्थ होते, त्यांना त्या भर मीटिंगमध्ये "किडे, तुम्ही काय म्हणता?" असं विचारायच्या. सुरुवातीला ते रागावत. पुढे एकदा मी त्यांना फोनवर "हॅलो, किडे बोलतोय," म्हणताना स्वतःच्या कानांनी ऐकलं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासोबत बाहेर खायला जायची सोय नसते. मॅडमचं फुटाळ्यावर तसं होतं. संध्याकाळी तलावाच्या काठी भुट्ट्यांच्या गाड्या लागतात. सारं नागपूर तिथे तिखटमीठ-लिंबू लावून भुट्टा खातं आणि घरी जातं. मॅडम मात्र भाजायच्या आधी कणीस सोलून उलटंसुलटं बघायच्या. एकदा मी सोबत होतो. शेंड्याकडे दाणे भरलेले नव्हते, मधेही दातपडकी जागा होती.

"काय वं, हे अर्धंच भरलं," त्या गाडीवालीला म्हणाल्या.

गाडीवाली काही कॉलेजात शिकलेली नव्हती. "खायाचं असन तर खा मॅडम, नाई तर पुढच्या गाडीवर जा," ती म्हणाली.

मॅडमना हे उत्तर फार आवडलं. त्यांनी तेच कणीस भाजायला दिलं आणि मग भुट्टा खाताखाता मला शिकवलं. कणसाच्या टोकाला जे केस लोंबतात ना, त्यातला एकेक केस एकेका दाण्यापर्यंत जातो. तुऱ्यातले पराग वाऱ्यानं उडतात आणि त्या केसांवर पडतात. ज्या केसाला पराग मिळाला त्याचा दाणा भरतो, ज्याला नाही मिळाला तिथे खड्डा. "आणि पराग कोणाच्या वावरातून आला, हे केस इचारत नाही गा. वाऱ्यानं जे आणून देलं ते घेते." हे मी इतकं सविस्तर सांगतो आहे, कारण पुढे जे झालं ते सगळं या केसावर अडलेलं आहे.

कॉलेजात तो प्रयोग आला तेव्हा मॅडमच्या निवृत्तीला काही वर्षं उरली होती. जनुकीय बदल केलेला मका. लष्करी अळीनं मक्याचे पोंगे, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पानं, कुरतडून शेतकऱ्याला रडकुंडीला आणलं होतं, आणि हा मका खाल्ला की अळी मरते असं बियाणं बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं. ते खरं की खोटं, हे आपल्या मातीत तीन हंगाम पेरून बघायचं, असं काम. सरकारी परवानगी होती आणि परवानगीसोबत अटी. प्लॉटभोवती कुंपण. ठरलेल्या अंतरात दुसरा मका नको. काढणीनंतर बघायला ठेवलेला नमुना सोडला तर एक दाणा बाहेर जाता कामा नये, बाकी सगळं खड्ड्यात पुरायचं. नंतर त्या जागेवर आपोआप मका उगवला तर तुरा यायच्या आत उपटायचा. लोक अशा अटी वाचतात, सही करतात आणि विसरतात. मॅडमनी त्या पाठ केल्या.

पहिल्याच पंधरवड्यात दोन्हीकडची माणसं येऊन गेली. कंपनीचा एक तरुण आला, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. त्यानं रोपं गुडघ्याएवढी असतानाच मॅडमना "पहिलं इम्प्रेशन" विचारलं. हा काय पिक्चर आहे का, मध्यंतरात विचारायला, असं म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं. मग विरोधातली मंडळी आली. डफ, फलक, मका म्हणजे जहर अशा घोषणा. मॅडमनी त्यांना सावलीत बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि चला, प्लॉट दाखवते म्हणाल्या. कुणी उठलं नाही. त्यांना फाटकासमोर फोटो हवा होता.

"पाह्यलं नाई, मग काहून ओरडून राहिले?" मॅडमनी विचारलं.

हा त्यांचा कायमचा प्रश्न होता, पाह्यलं का? विद्यार्थ्यानं उत्तर दिलं की, डीननी भाषण केलं की, मी कुणाबद्दल ऐकीव सांगितलं की. पाह्यलं का? पाह्यलं असेल तर सांग, नाहीतर चहा पी आणि गप बस.

पहिल्या हंगामात अळी मेली. कॉलेजनं पेढे आणले. मॅडमनी पेढ्याला हात लावला नाही. आमच्या विदर्भात ज्यांनी बीटी कापूस पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तिथेही सुरुवातीला बोंडअळी मेली होती, तिथेही पेढे वाटले होते, आणि मग गुलाबी अळीला ते बोंड गोड लागायला लागलं. दुसऱ्या हंगामात मक्यातही अळी मेली, पण उत्तरेकडच्या कोपऱ्यात काही अळ्या जगल्या. का जगल्या? त्या वर्षी पावसानं ताण दिला म्हणून? झाडातलं विष उतारवयात कमी पडलं म्हणून? की अळीला सवय होऊ लागली म्हणून? तिन्हींचे अर्थ वेगळे आणि त्यावरून शेतकऱ्यानं काय पेरावं हेही वेगळं. मॅडम त्या कोपऱ्यात भर उन्हात पोंगे उकलत बसलेल्या असायच्या.

"दोन हंगामात अंदाज येते लायब्ररी, तिसऱ्यात हिंमत येते," त्या म्हणाल्या. "मले तिसरा हंगाम पायजे. मग मी सांगतो, हे चांगलं हाय का वाईट."

त्यांना एवढंच हवं होतं. पदक नको, परदेशवारी नको. एक हंगाम.

त्या दिवसांत वाचनालयात त्यांच्या फेऱ्या वाढल्या. जनुक बदललेल्या मक्यावर जगभरात जे छापून येईल ते मी काढून ठेवायचो आणि त्या शेपटीकडून वाचायच्या. हळूहळू मलाही त्यातला ओघ कळायला लागला. आधीची वर्षं सगळे एवढंच विचारत होते, की अळी मरते का. मग अळीला सवय होते का, असं विचारू लागले. मग मधमाशी, फुलपाखरू, गांडूळ. मग उंदरांना खायला घालून बघणं आणि त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं. मग तणनाशक फवारलं तरी न मरणारा मका, मग कमी पाण्याचा मका, आणि आता जनुकाला नेमकी कातर लावायचे नवे प्रकार. बहुतेक प्रयोग समुद्रापलीकडच्या मातीत, थोड्या हंगामांचे. आणि अलीकडे एक नवीनच पीक आलं. लोक शेतात जाईनासे झाले. जुने पेपर गोळा करायचे, यंत्राला चाळायला द्यायचे, किती बाजूने किती विरुद्ध ते मोजायचे, आणि त्या मोजणीचा नवा पेपर छापायचा.

"दूध कोणीच नाई आणून राहिलं," मॅडम म्हणाल्या. "सारे विरजणालेच विरजण लावून राहिले."

तिसऱ्या हंगामात मका जोरात होता. पाऊस वेळेवर, वाढ चांगली, तुरे बाहेर पडत होते. उत्तरेकडच्या कोपऱ्यावर मॅडमचं लक्ष होतं. आणि एका दुपारी डीनच्या कार्यालयातून माझ्या टेबलावर आमंत्रणपत्रिका येऊन पडली. कॉलेज भुट्टा महोत्सव भरवणार होतं. मंत्रिमहोदय येणार, शहरातले प्रतिष्ठित येणार. पत्रिकेवर भुट्ट्याचं चित्र आणि खाली लाल अक्षरात लिहिलेलं, 'आमच्याच शेतातला ताजा, गोड भुट्टा!'

मॅडम समोरच वाचत बसल्या होत्या. मी गमतीनं पत्रिका त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती सवयीनं मागून पाहिली, मग पुढून. मग चष्मा काढला.

"आमचं शेत म्हणजे कोणतं शेत गा?"

मला माहीत नव्हतं. शिपायाला माहीत होतं. हॉस्टेलच्या पलीकडे, मेसच्या मागे एक पडीक तुकडा होता. बागकाम विभागानं तो नांगरून तिथे स्वीट कॉर्न पेरला होता. मंत्र्यांच्या मागे फोटोत हिरवं दिसावं आणि जागच्या जागी तोडून भाजून देता यावं, अशी डीनसाहेबांची कल्पना. शेतकी कॉलेजात, मक्याचा हा प्रयोग चालू असताना, मक्याच्या शास्त्रज्ञ बाईला न विचारता, पेरलं काय, तर मका! मॅडम खुर्ची मागे ढकलून उठल्या.

आम्ही दोघं गेलो. हॉस्टेलला वळसा घालून मेसच्या मागे पोचलो, तर समोर उंच हिरवागार स्वीट कॉर्न. कणसं आलेली, कणसांना ओले, चमकदार केस. मॅडम मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या साडीचा पदर वाऱ्यानं उडत होता, तो त्यांच्या प्लॉटच्या दिशेकडून येणारा वारा होता. त्यांनी पदर धरला नाही, नुसत्या बघत राहिल्या. दोन्हीकडे एकाच वेळी फुलोरा होता आणि मधलं अंतर नियमातल्या अंतराच्या निम्मंही नव्हतं.

आता ह्यात करायचं काय, हे तुम्हाला सांगायला नको, अटींमध्ये लिहिलेलंच होतं. कळवायचं. कळवलं की दोन्ही पिकं नष्ट करायची. म्हणजे मंत्र्यांचा भुट्टाही जाणार आणि तिसरा हंगामही जाणार. न कळवलं तर हंगाम हातात. आणि ज्याला कुणी अजून खाण्याची परवानगी दिलेली नाही त्या मक्याचे पराग घेतलेलं कणीस मंत्र्यांपासून हॉस्टेलच्या पोरांपर्यंत सगळे लिंबू लावून खाणार. त्यानं कुणाला काही झालं असतं का? मॅडमना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, माहीत नाही, म्हणून तर प्रयोग चालू आहे.

सगळे समजवायला आले. डीनसाहेब तर मवाळ आवाजाचे. मधे हॉस्टेलची चांगली तीन मजली इमारत आहे, वारा काय इमारत ओलांडून जातो, असं त्यांनी विचारलं. तुमच्या भाषणाचा भोंगा ओलांडतो तसाच, असं मॅडम म्हणाल्या. कंपनीच्या तरुणाचे फोनवर फोन. दोन हंगामांची मेहनत मातीत जाईल, थोडे आठवडे कळ काढा. विरोधातल्या मंडळींना कुठून वास लागला कोण जाणे, त्यांना तर उकळ्या फुटत होत्या. महोत्सव होऊ द्या, लोकांनी खाऊ द्या, मग आपण बातमी फोडू, असं त्यांच्यातला एक जण मॅडमना सांगून गेला. माणसांना काही कळू न देता खाऊ घालायची तयारी दोन्ही बाजूंची होती. कारण तेवढं वेगळं.

शेवटी किडे आले. ते मनापासून आले होते. दोघांची पहिल्या भांडणापासूनची जुनी ओळख. वाचनालयातच ते मॅडमच्या समोर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, हा हंगाम गेला तर तुम्हाला दुसरा मिळणार नाही. तोवर तुम्ही रिटायर व्हाल. कोण बसलंय पाहायला?"

"मी पाह्यलं नं," मॅडम म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी कळवलं. आठवड्यात आदेश आला.

तोडणीच्या दिवशी पहिला विळा त्यांनी स्वतः लावला, आणि तोही उत्तरेच्या कोपऱ्यापासून. तुरे, मक्याची उभी ताटं, भरत आलेली दुधाळ कणसं, सगळं प्लॉटच्या मागच्या खड्ड्यात. मेसमागचा स्वीट कॉर्नही ट्रॉलीत घालून तिथेच आणला. कामावरच्या बायांना ते बघवेना. एक जण म्हणाली, मॅडम, निदान ढोरांले तरी टाकू द्या. मॅडम म्हणाल्या, नाई वं, काहीच न्यायचं नाई. त्यांनी एकेक केस, एकेक पान खड्ड्यात गेल्याची खातरी केली. मग बुटांची माती झटकली, वाचनालयात आल्या, त्यांच्या नेहमीच्या टेबलावर बसल्या आणि त्या दिवशी त्यांनी काही वाचलं नाही. मी चहा मागवला. तो तसाच निवला.

महोत्सव झाला. का होणार नाही? सकाळी कळमन्याच्या बाजारातून टेम्पो भरून भुट्टे आले. मागच्या बाजूला केळीचे खांब लावून हिरवं दिसेल अशी सोय केली. बोर्ड मात्र तोच राहिला, आमच्याच शेतातला. वाटपाच्या टेबलावर माझी ड्यूटी होती. मंत्र्यांनी भुट्ट्याचा घास तोडला, चावला आणि कॉलेजच्या मातीचा गुण काही औरच आहे असं माइकवर सांगितलं. टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत, पण त्यानं कुणाचं काय बिघडलं? आज हे लिहितानाही माझे कान तापले आहेत.

नवा हंगाम मागायची फाइल वर गेली आणि वरच राहिली. त्याआधी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात डीननी त्यांना शाल दिली आणि उरलेलं काम तरुण सहकारी पूर्ण करतील असं सांगितलं. दरम्यान कंपनीनं एक गुळगुळीत पुस्तिका छापली. त्यात मॅडमच्या प्रयोगातला पहिला हंगाम ठळक होता, दुसरा एका ओळीत आणि तिसऱ्याचं नावही नव्हतं. विरोधकांनीही पुस्तिका छापली. त्यात उत्तरेचा कोपरा ठळक होता, आणि खड्ड्याचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, सत्य इथे पुरलं आहे. मॅडमनी दोन्ही पुस्तिका मागून उघडल्या आणि माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

त्यांच्या जागी आलेला तरुण प्राध्यापक हुशार होता. त्यानं मका कमी पाहिला असेल, पण वर्षभरात एक मोठा लेख लिहिला, जनुकीय मक्यावरच्या संशोधनाची दिशा असा काहीतरी विषय. बाहेरच्या जर्नलमध्ये आला, कॉलेजनं फलक लावला. मी तो मॅडमसाठी काढून ठेवला. त्यांनी शेपटी वाचली, मग आतला तक्ता उघडला. तक्त्यात दोन रकाने होते, अनुकूल आणि प्रतिकूल. मॅडमचा पहिल्या हंगामाचा अहवाल अनुकूलमध्ये होता आणि दुसऱ्याचा प्रतिकूलमध्ये. एकच प्रयोग, एकच बाई, दोन्हीकडे एकेक फुली.

मॅडमनी त्याला वाचनालयात बोलावलं. तो आला, वाकून पाया पडला. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं. मला त्यांच्या आपटण्याची सवय होती, शांतपणाची नव्हती.

"माहीत नाही, हा रकाना कुठं हाय?"

तो म्हणाला की यंत्राला दोनच पर्याय दिले होते. पेपर इतके आहेत की सगळे वाचणार कोण.

"वाचून नाई राहिला, पेरून नाई राहिला, पाहून नाई राहिला. मंग लिहून कायले राहिला बाबू?"

त्यानं पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करतो म्हणून सांगितलं. जर्नलात छापलेल्या लेखाला पुढची आवृत्ती नसते, हे मला आणि मॅडमला दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी चष्मा झोळीत टाकला आणि म्हणाल्या की चल लायब्ररी, जरा प्लॉटवर जाऊन येऊ.

ते त्यांचं निवृत्तीनंतरचं कामच झालं होतं. पावसाळा लागला की शहरातल्या महाल भागातल्या भाड्याच्या घरातून रिक्षा करून यायच्या, चौकीदाराला सांगून कुंपणाआत शिरायच्या आणि खड्ड्याच्या आजूबाजूला कुठे मका उगवला आहे का ते बघायच्या. अटीतली मुदत केव्हाच संपली होती. कॉलेजात त्या खड्ड्याची आठवण कुणाला नव्हती. एखादं रोप दिसलं की त्या वाकायच्या, मुळासकट उपटायच्या आणि तिथेच माती उकरून पुरायच्या. मी एकदा म्हटलं, मॅडम, हा कशावरून त्यातलाच, कुणीतरी पोरानं भुट्टा खाऊन फेकला असेल. शक्य हाय, त्या म्हणाल्या. माहीत नाई. माहीत नसन तर उपटजो.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले, मग त्या स्वतः गेल्या. शेवटच्या दिवसांत भेटायला गेलो तेव्हा उशाशी जर्नल उपडं ठेवलेलं होतं. त्यांनी पाऊस कसा आहे विचारलं आणि उत्तर ऐकण्याआधी डोळा लागला.

कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. फोटोला झेंडूचा हार, समोर उदबत्ती. डीनसाहेब बोलले की जनुकीय मक्याचा यशस्वी प्रयोग विदर्भात प्रथम करणाऱ्या विदुषी आपण गमावल्या. कंपनीचा तो तरुण आता मोठा साहेब झाला होता, त्यानं मान डोलावली. मग विरोधातले गृहस्थ उठले. कंपनीचं पीक स्वतःच्या हातानं कापून जमिनीत गाडणारी लढाऊ बाई, असं ते म्हणाले. तरुण प्राध्यापकानं त्यांच्या कामाला जगभरात किती जणांनी संदर्भ म्हणून वापरलं ते सांगितलं. किडे पहिल्या रांगेत रुमाल तोंडावर धरून बसले होते.

मला बोलायला सांगितलं नव्हतं. ग्रंथपालाला कोण सांगतो? मी तसाच उभा राहिलो.

"मॅडमचा तिसरा हंगाम झालाच नाही," मी म्हणालो. "तो ह्या कॉलेजनं भुट्ट्यासाठी घालवला. तो मका चांगला की वाईट हे त्यांना माहीत नव्हतं आणि तुम्हालाही माहीत नाही. कुणीतरी तेवढं तरी बोला."

डीनसाहेब मवाळ आवाजात म्हणाले, बसा, भावना समजू शकतो. मी बसलो नाही. दार उघडून बाहेर पडलो. भावना म्हणे! माणूस जन्मभर एकच गोष्ट सांगत राहिलं की बघा, मग बोला, आणि त्याच्या फोटोसमोर उभं राहून हे सगळे न बघता बोलत होते.

पाय आपसूक प्लॉटकडे गेले. कुंपणाची तार एका जागी वाकली होती. आत गवत कमरेएवढं वाढलेलं. खड्ड्याच्या जागी जमीन अजून थोडी खोलगट आहे, आणि तिच्या काठाला एक मक्याचं झाड उभं होतं. एकटंच. उपटायची वेळ निघून चालली होती, तुरा पानांतून डोकं वर काढत होता. त्या पावसाळ्यात बघायला कुणी आलंच नव्हतं.

मी दोन्ही हातांनी ताट धरलं आणि ओढलं. वाटलं होतं त्यापेक्षा मुळं खोल होती. निघालं तेव्हा मी मागे आपटलो, धोतर नव्हतं म्हणून बरं, पॅण्ट मात्र चिखलानं भरली. मग गुडघ्यावर बसून दगडानं माती उकरू लागलो. पावसानं मऊ झाली होती. ताट मोडून, तुरा दुमडून मी आत घातला.

सभा सुटली होती. चहाला निघालेली माणसं कुंपणाशी थबकली. तरुण प्राध्यापक तारेजवळ येऊन उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "सर, हा कोणता मका होता?"

"माहीत नाही," मी म्हणालो आणि माती ओढत राहिलो.